सांडूभाऊंच्या पायाचं स्थळ

बजाजनगरात आमच्या गल्लीत सांडूभाऊ राहतात. लग्नं जुळवणं हा त्यांचा धंदा. धंदा आपला म्हणायचा. टोपी, टॉवेल आणि पोटभर जेवण यापलीकडे त्यांनी कुणाकडून काही घेतलेलं मी पाहिलं नाही. अजिंठ्यापासून वेरूळपर्यंत ज्या घरात म्हणून लग्नाचं पोरगं किंवा पोरगी आहे, त्या घरचा चहा सांडूभाऊ प्यालेले आहेत, आणि त्यातल्या प्रत्येक चहाला ते "लई ब्येस" म्हणालेले आहेत.

वाईट बोलणं त्यांना जमतच नाही. मुलगा बुटका असला तर तो "भरीव" असतो. काहीच करत नसला तर "घराकडं लक्ष देतो". तापट असला तर "तडफदार", आणि दिवसभर मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसला असला तर "वाचनाची लई आवड". माझ्या सासऱ्यांना त्यांनी माझ्याबद्दल "मुलगा मितभाषी हाय" असं सांगितलं होतं. बघण्याच्या दिवशी माझी दाढ सुजली होती. तो मितभाषी मुलगा पुढं कुठं गेला, असं बायको अजून अधूनमधून विचारते.

या गोडव्यानंच त्यांचा पाय गेला. वेरूळला एका सुपारीच्या कार्यक्रमात मंडपाचा खिळा त्यांच्या डाव्या तळपायात शिरला. ऐन सुपारी फुटायच्या वेळी उठून जायचं म्हणजे अपशकुन. कुणीतरी विचारलं, "भाऊ, तोंड का असं केलं?" तर म्हणाले, "काय नाय, मुंगी चावली." अंगात साखरेचा आजार, त्यात घरी आल्यावरही आठवडाभर ती मुंगीच होती. शेवटी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर सांडूभाऊंनी पायाकडे पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "लई ब्येस कापला, साहेब."

पुढं त्यांना नकली पाय बसला. चांगला होता, पण जड. त्यावर गावोगाव हिंडणं होईना. अशात दवाखान्यानं त्यांचं नाव प्रेरणा नावाच्या एका मुलीला कळवलं. प्रेरणा शहरातल्या एका प्रयोगशाळेत पॉलिमरवर संशोधन करते. पॉलिमर म्हणजे मोठं घराणं. न्हाणीघरातली बादली त्याच घराण्यातली आणि ऑपरेशनच्या टाक्यांचा दोराही त्यातलाच. प्रेरणानं त्यातून नव्या पायाची वाटी बनवली होती, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो भाग. बाहेरून कार्बनच्या धाग्यांचं पातळ, टणक कवच. अख्ख्या माणसाचा भार घेणारं. आतून कातडीला लागणारं मऊ अस्तर. घाम बाहेर टाकणारं. सगळ्या परवानग्या मिळाल्या होत्या. आता तो पाय वापरून बघणारं माणूस हवं होतं.

दर सोमवारी मी त्यांना स्कूटरवर बसवून तिच्याकडे नेऊ लागलो. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "काका, मला तक्रारी हव्यात. कुठं टोचतं, कुठं घासतं, सगळं सांगायचं. शिव्या दिल्या तरी चालतील."

"पोरी, जीभ झडंल माझी!" सांडूभाऊ घाबरून म्हणाले.

पुढच्या सोमवारी तिनं विचारलं, "कसा आहे पाय?"

"पाय? सोनं हाय सोनं! अंगानं हलका, स्वभावानं मऊ. वरडणं नाय, भांडणं नाय. म्हणंल तिकडं येतो. निर्व्यसनी."

"निर्व्यसनी?"

"म्हंजे कसलीच खोड नाय."

प्रेरणा हसली आणि तसं लिहून घेतलं. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पाय तिनं घडवलेला, म्हणजे सांडूभाऊंच्या हिशेबी ती मुलाची आई. आणि आईच्या तोंडावर मुलाला नाव ठेवणं त्यांच्या कारकिर्दीत कधी झालेलं नव्हतं.

मे महिना आला. लग्नसराई पेटली. सांडूभाऊ सतरंजीवर मांडी घालून तासन्‌तास बोलणी करत होते, दर सोमवारी पाय सोनं होता, आणि एका सकाळी त्यांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, मला दारातूनच हाक मारली.

"भाऊजी, या जरा इकडं. ह्या माणसानं लगीन झाल्यापासून सोताचा हातरुमाल धुतला नाय. आन् आता पहाटं उठून चोरून मोजा धुतोय."

"अहो, सुधारले असतील."

"मला बी वाटलं, म्हातारपणी सोडून जायचा बेत हाय का काय! हे बघा." पायाच्या आत घालायचा पांढरा मोजा त्यांनी पुढं धरला. धुऊनही त्यावर रुपयाएवढा तपकिरी डाग राहिला होता.

सांडूभाऊ खाटेवर बसून भिंतीवरच्या कॅलेंडरातले मुहूर्त बघत होते. आम्ही आत गेलो तरी बघतच राहिले.

"कधीपासून हाय हे?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"जरा लाल झालंय गं. मुंगी..."

"मुंगीचं नाव काढाल तर बघा!" द्वारकाबाई कडाडल्या. "त्या मुंगीनं एक पाय खाल्ला. आता गुडघा बी घालायचाय का तिच्या तोंडात?"

सांडूभाऊंचा आवाज एकदम खाली आला. "अगं, त्या पोरीनं चार वर्सं घातली ह्याच्यात. सणाला घरी जात नाय ती. लेकरावानी हात फिरवती त्या पायावरून. तिला कसं सांगू, तुझं लेकरू मला चावतं म्हणून?"

द्वारकाबाई त्यांच्याजवळ टेकल्या. माझ्या कल्पनेपेक्षा त्या शांत होत्या. "आपल्या श्रेयाच्या वक्ताला काय केलं होतं तुम्ही?"

ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. स्वतःच्या मुलीच्या वेळी सांडूभाऊंनी मुलाच्या कारखान्याच्या गेटवर उभं राहून चौकशी केली होती, शेजाऱ्यांना चहा पाजून भांडणांची माहिती काढली होती, कपाट ठोकून लाकूड आहे का पत्रा ते बघितलं होतं. मुलाकडचे पळूनच जायचे राहिले होते.

"जन्मभर मुलाकडून बोलत आलात," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण ह्या घरात आपला गुडघा द्यायचाय. मुलीचा बाप होऊन जा."

सोमवारची वाट न बघता आम्ही लगेच निघालो. पाय पिशवीत, सांडूभाऊ कुबड्यांवर. प्रेरणानं नेहमीसारखं विचारलं, "कसा आहे?"

सांडूभाऊंनी टोपी काढली, पुन्हा घातली. "पोरी, आज मी मुलीकडून आलोय."

प्रेरणानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"मुलगा दिसायला चांगला हाय. कष्टाळू हाय, वझं उचलतो. पण ऊन चढलं की त्याचा सोभाव बिघडतो. सकाळी नीट असतो, दुपारी घसरतो. आन् मांडी घातली की मागच्या कडंनं कापतो. जेवू देत नाय. ह्या घरात मी पोरगी देणार नाय." एवढं बोलून त्यांना धाप लागली.

प्रेरणानं मोजा खाली सरकवला आणि तिचं हसू गेलं. तिनं आधी डॉक्टरांना बोलावलं. तेवढ्या वेळात ती एकदाच बोलली. "काका, तुमच्या त्या सोन्याच्या भरवशावर पुढच्या आठवड्यात मी हाच पाय आणखी दोघांना बसवणार होते."

हे सांडूभाऊंच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपण पोरीचं मन जपतोय, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी टोपी पुन्हा काढली, ती हातातच राहिली. "लई चुकलं, बाई."

"माझंही चुकलं," ती म्हणाली. "मी चालायचं विचारत राहिले. बसायचं विचारलंच नाही."

डॉक्टर म्हणाले, जखम वरच्यावर आहे, गुडघा सुरक्षित आहे, पण आणखी थोडे दिवस ही लपवालपवी चालली असती तर सांगता आलं नसतं. पाय प्रयोगशाळेत राहिला. त्या दोघांचे पाय थांबले. सांडूभाऊंनी उरलेली लग्नसराई कुबड्यांवर आणि फोनवर काढली, आणि रोज सकाळी द्वारकाबाई चष्मा लावून जखम बघू लागल्या. मोजे धुण्याचं काम मात्र त्यांनी सांडूभाऊंकडेच ठेवलं.

अस्तर उन्हात आणि घामात सैल पडत होतं, आणि मांडी घातली की कवचाची मागची कड रुतत होती. प्रेरणानं अस्तराचं मिश्रण बदललं, कड खाली उतरवली आणि पावसाळा सरता सरता बोलावणं धाडलं. बघतो तर प्रयोगशाळेत सतरंजी अंथरलेली, शेजारी हिटर लावलेला, समोर ताट वाढलेलं. सांडूभाऊ नवा पाय घालून मांडी घालून बसले. भवताली सगळे संशोधक उभे, पहिल्यांदा मुलगा बघायला आल्यासारखे.

"सांगा काका."

सांडूभाऊंनी घास गिळला. "वरण लई ब्ये..." ते मध्येच थांबले. "वरणात मीठ कमी हाय."

"वरणाचं नाही हो, पायाचं!"

ते बराच वेळ बसून राहिले. घाम आला तरी हलले नाहीत. मग म्हणाले, "मागं कापत नाय. घसरत बी नाय. द्वारकाची आण, खरं सांगतोय." मग आधार न घेता उठले आणि कान देऊन ऐकलं. "पण उठताना कुरकुरतो."

प्रेरणाचा चेहरा असा काही फुलला की सुपारी फुटल्यावरही मी मुलाच्या आईचा तसा पाहिलेला नाही. "कुठं कुरकुरतो? परत उठा बघू!" सांडूभाऊ उठत-बसत राहिले, आणि ती जमिनीवर पालथी पडून त्या पायाला कान लावत राहिली. आधी ही कुरकुर जाईल, मगच त्या दोघांना पाय, असं तिनं सांगून टाकलं.

परतताना सांडूभाऊ नवा पाय घालूनच मागं बसले. नगर नाक्याच्या सिग्नलला मी थांबलो, तेव्हा मागून खांद्यावर हात पडला.

"एक बोलू? राग मानू नका."

"बोला की."

"तुम्ही ब्रेक लई उशिरा दाबता. पहिल्या सोमवारपासून जीव मुठीत धरून बसतोय मी."