चिंचेने घासलेली राणी

नाण्यांचा नाद त्याला मीच लावला. आम्ही नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनच्या ऑफिसात एकाच टीममध्ये, आणि जवळच्या बेस्ट नावाच्या गावात दोन गल्ल्या सोडून राहायला. लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं, तेव्हा वेळ जावा म्हणून मी त्याला माझी नाणी दाखवली. १९२० पर्यंत ब्रिटिश नाण्यांत जवळजवळ शुद्ध चांदी असायची, मग ती निम्म्यावर आणली, हे मी शिकवलं. जुनं नाणं कधी घासायचं नाही, वर्षानुवर्षं चढलेली काळपट निळी झाक हीच त्याची श्रीमंती, हेही मीच.

ब्रेडा शहरातल्या एका डच आजोबांची जाहिरातही मीच दाखवली. तरुण राणीचा छाप असलेलं हाफ क्राउन, जुनं चांदीचं ब्रिटिश नाणं, तीन वर्षं मी शोधत होते ते. मी विचार करत बसले आणि हा गाडी काढून ते घेऊनही आला. वर मलाच फोटो. माझा नुसता जळफळाट झाला. ‘छान आहे’ एवढं लिहायला मला अर्धा तास लागला.

खरं तर मी त्याच्यावर आधीपासूनच जळत होते. त्याची आई फेब्रुवारीत आली आणि विमानं बंद झाल्यावर इथेच राहिली. माझ्या आईचं तिकीट एप्रिलचं होतं, ते रद्द झालं. मीटिंगमध्ये त्याच्या मागून कुकरची शिट्टी ऐकू यायची. मी इकडे ब्रेडला चीज लावत असायचे.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी काकूंचा, म्हणजे त्याच्या आईचा, फोन आला. पूजेत ठेवायचा चांदीचा राणीछाप रुपया सांगलीच्या घरी राहिला होता, म्हणून त्याचं हे नाणं ठेवणार होत्या. पण फारच काळं पडलं होतं.

“चिंचेने घासलं तर चालेल ना गं? तो मीटिंगमध्ये आहे, आणि तुला यातलं कळतं.”

कळत होतं. म्हणूनच म्हणाले, “चालेल की, काकू.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्याकडे पूजेला गेले. पाटावर राणी नव्या वाटीसारखी चकचकत होती. निळी झाक गेली होती, केसांच्या रेषाही बोथट झाल्या होत्या. काकू व्हिडिओ कॉलवर सांगलीच्या सगळ्यांना कौतुकाने दाखवत होत्या. मला आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही.

लाह्या-बत्तासे देताना तो हळूच म्हणाला, “आईने आधी तुला विचारलं होतं ना?”

मी होकारार्थी मान हलवली.

“बरं झालं. मला विचारलं असतं तर मी नको म्हणालो असतो, आणि ती हिरमुसली असती. आता राहू दे ते देवातच.”

पुढच्या वर्षी त्याच ठशाचं एक हाफ क्राउन मला मिळालं, त्याच्यापेक्षा सरस. ते प्लास्टिकच्या डबीत, निळ्या झाकेसकट तसंच आहे. माझी आई काही शेवटपर्यंत इकडे येऊ शकली नाही. माझ्या नाण्याला कुणी हात लावलेला नाही.