पाणी मागून निवडलेलं घर

सुंदराबाई साळवे यांना जयवंत पेडणेकर ओळखत होते, असं कुणी म्हटलं तर जयवंतच आधी नाही म्हणून मान हलवतील. मुलुंडला भिंतीला भिंत लागून शेजार होता. तरी बाईंचं माहेरचं नाव काय, त्यांना भावंडं किती, हे जयवंतांना कधी कळलं नाही. दारात समोरासमोर आले की ते अंग चोरून वाट द्यायचे आणि खाली बघायचे. बायकांशी बोलणं त्यांना जमत नसे. खरं तर पुरुषांशीही नसे. जे कळलं ते बायकोकडून, नलिनीकडून, जेवता जेवता. आणि तिलाही बाईंनी ते फार उशिरा सांगितलं. तेव्हा इथं कुठं कमीजास्त झालं असेल तर दोष ऐकणाऱ्याचा. एका बाईनं उपनगरांत घर कसं शोधलं आणि शोधताना ती किती घाबरलेली होती, एवढीच ही हकीकत.

भीतीची सुरुवात अंधेरीत झाली. तेव्हा त्या बाई झाल्या नव्हत्या, म्हणून पुढं सुंदराच म्हटलेलं बरं. नवरा अंबादास टेलिफोन खात्यात लाइनमन, मुलगी चंपा बालवाडीत. शेवगावकडची माणसं. अंधेरी पूर्वेला एका बैठ्या घराच्या मागच्या अंगाला त्यांनी भाड्यानं खोली घेतली होती. घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "साळवे म्हणजे आमच्यातलेच ना तुम्ही?" अंबादासनं हो म्हणून मान हलवली. नुसती मान. पण ती हलवलेली मान सुंदराच्या उरावर बसली. बाबासाहेबांचा फोटो कपाटात गेला, साड्यांच्या मागं. गावाकडचं माणूस आलं तर त्याला स्टेशनवरच भेटायचं. चंपाला शिकवून ठेवलं होतं, कुणी काही विचारलं तर म्हणायचं, "आईला विचारा."

मालकीणबाई चांगल्या होत्या, तेच जड जायचं. पडवीत त्यांचा लाल माठ असायचा. चंपा खेळून आली की खुशाल त्यात ओगराळं बुडवायची आणि बाई म्हणायच्या, "हळू गं, ठसका लागेल."

मग जयंतीचा दिवस आला. अंबादास कामावर होता. सुंदरानं दार लोटलं, कपाट उघडलं आणि कपाटातच, फोटोपुढं, मेणबत्ती लावली. गडबडीत कडी घालायची राहिली. मालकीणबाई चाळणी परत द्यायला आल्या. त्यांनी मेणबत्ती पाहिली, फोटो पाहिला, मग सुंदराकडं पाहिलं. चाळणी उंबऱ्यावर ठेवली आणि निघून गेल्या.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं अंगणात काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. सुंदरानं खिडकीतून पाहिलं तर माठ दगडावर आपटलेला, पाणी मातीत चाललेलं, आणि बाई खापऱ्या पायानं एका बाजूला सारत होत्या. हात लावत नव्हत्या. शेजारी चंपा उभी.

"काकू, माठ का फोडला?"

काकू आत गेल्या आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी त्यांनी अंबादासला दारातूनच सांगितलं, "खोली रिकामी करा."

तिथून ते घाटकोपरला गेले, टेकडीच्या उतारावर, अंबादासचा थोरला मावसभाऊ नाना याच्याकडं. एका खोलीत दोन बिऱ्हाडं. पण फोटो दर्शनी भिंतीवर, आजूबाजूला सगळी आपलीच माणसं. सुंदराला पुष्कळ दिवसांनी नीट झोप लागली.

नाना म्हणाला, "इथंच बघ रे कुठंतरी. आपल्यात रहा. कोण विचारतंय इथं?"

"खात्याचं कर्ज मिळतंय, नाना. ब्लॉक घेतो. चंपाला अभ्यासाला जागा नको?"

"घे की. आणि मग फोटो कुठं लावणार? कपाटात?"

सुंदरा भाकऱ्या थापत होती, तिचा हात तव्यावर चटकला. तिला नानाचंच पटत होतं. पण रात्री पाय पसरायला जागा नव्हती, आणि पावसाळ्यात टेकडीची माती खाली येई तेव्हा सगळी वस्ती जागी बसायची, हेही तिनं ऐकलं होतं. भ्यायचंच आहे तर कुठं भ्यायचं, एवढंच ठरवायचं उरलं होतं. तिनं मनाशी एक ठरवलं आणि नवऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो भांडायला उठला असता.

अंबादासला सगळी उपनगरं पाठ. खांबावर चढून चढून त्यानं ती वरून बघितलेली. "बोरिवलीला हवा झकास," तो म्हणायचा, "जोगेश्वरी सोयीची, मुलुंड शांत. तू फक्त बोट ठेव." रविवारी तो दलालाबरोबर गच्ची, नळ, संडास बघत फिरायचा. सुंदरा म्हणायची, "तुम्ही व्हा पुढं, मला तहान लागलीय." आणि चंपाला घेऊन रिकाम्या ब्लॉकच्या शेजारचं दार वाजवायची.

पहिलं दार बोरिवलीचं. नवी इमारत, मागं जंगलाचे डोंगर. दार उघडणाऱ्या बाई हसतमुख होत्या. "या ना, शेजारचा ब्लॉक बघायला आलात?" म्हणत चकचकीत तांब्या-भांडं घेऊन आल्या. अंधेरीत जे हललेल्या मानेनं केलं होतं ते इथं तोंडानं निस्तरायचं होतं.

"साळवे आम्ही," ती म्हणाली. "बौद्ध."

बाईंचं हसू तसंच राहिलं, फक्त भांडं असलेला हात मागं गेला. "अस्सं. ओंजळ करा," त्या म्हणाल्या आणि वरून तांब्याची धार धरली. सुंदरानं ओंजळ केली, पण बोटं मिटली नाहीत. पाणी सगळं खाली पायपुसण्यावर गेलं.

खाली अंबादास छाती भरून हवा घेत होता. "काय मग?"

"पाणी बरं नाही इथलं."

"अगं, पालिकेचं पाणी सगळीकडं एकच!"

"नाही. वेगळं असतं."

दुसरं दार जोगेश्वरीचं, लेण्यांच्या बाजूचं. तिथल्या बाईंनी "बौद्ध" ऐकूनही पेला हातात दिला, सरबत करू का विचारलं, चंपाच्या गालाला हात लावला. सुंदराला रडू येईल असं वाटलं. ती खाली उतरली आणि हेच घर असं सांगणार, तेवढ्यात छत्री वर राहिल्याचं लक्षात आलं. परत गेली तर दार अर्धवट उघडं होतं. आतल्या बाई स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या होत्या. तो पेला त्यांनी सांडशीत पकडला होता आणि गॅसच्या जाळावर धरून फिरवत होत्या. जाळानं पेला काळा पडत चालला होता. सुंदरा छत्री न घेताच उतरली.

"आता काय झालं?" अंबादास चिडला. "हे पाणीपण जड?"

"हो."

"उद्या म्हणशील आभाळच कडू आहे! नानाचं पटलंय तुला, सरळ सांग ना."

घरी जाऊन तिला ताप भरला.

मुलुंडला ती यायलाच तयार नव्हती. मे महिना होता. अंबादासनं जवळजवळ ओढत आणली. तळमजल्याचा ब्लॉक, शेजारी एकच बिऱ्हाड राहायला आलेलं. सुंदरानं दार वाजवलं नाही, कारण दार उघडंच होतं. आत नलिनी वर्तमानपत्रं पसरून फणस फोडत बसली होती. हात कोपरापर्यंत तेलानं आणि चिकानं माखलेले. खुर्चीत जयवंत होते, औषधाच्या कारखान्याला रविवारची सुट्टी म्हणून घरी, तोंडासमोर पेपर धरून.

"पाणी मिळेल का?" सुंदरानं विचारलं.

"मिळेल गो, पण माझे हात बघ. आत ये, माठ तिकडं ग्यालरीच्या कोपऱ्यात. ओगराळं वर टांगलंय. तूच घे."

माठ पाहिला आणि सुंदराचे पाय उंबऱ्यालाच खिळले. अंधेरीतला तो आवाज तिच्या कानात वाजला. "आम्ही बौद्ध आहोत," ती एका श्वासात म्हणाली, जवळजवळ ओरडलीच.

नलिनीनं फणसातून मान वर केली. "बरं. मग तहान लागत नाही काय? अहो, पाय घ्या वर, तिला जाऊ दे."

जयवंतांनी पाय वर घेतले. त्या दिवशी त्यांनी केलं ते एवढंच. सुंदरा आत गेली, ओगराळं बुडवलं, प्यायली. जाताना नलिनीनं कागदात गरे बांधून दिले.

अंबादासनं काही विचारायच्या आत ती म्हणाली, "इथं."

"पाणी?"

"बरं असेल बहुतेक."

त्या "बहुतेक"नं पुढं तिचा जीव खाल्ला. नलिनीचे हात चिकानं भरले होते म्हणून ती तूच घे म्हणाली. हात स्वच्छ असते तर काय म्हणाली असती? आणि आपण गेल्यावर त्या माठाचं काय झालं? ब्लॉकचा ताबा मिळाला, थंडीत सामान आलं, फोटोही चादरीत गुंडाळून आला आणि तसाच गुंडाळलेला राहिला. अंबादास खिळा घेऊन उभा राहिला की ती म्हणायची, "थांबा थोडं." रोज सकाळी पहिली नजर शेजारच्या ग्यालरीत. माठ आहे. जागेवर आहे. मग ती चहा ठेवायची. दार वाजलं की आधी चंपाला आतल्या खोलीत पाठवायची.

जयंती पुन्हा जवळ आली. चंपानं विचारलं, "आई, या वर्षी मेणबत्ती कपाटातच लावायची?" सुंदरा तिचं दप्तर भरायला लागली.

दोन-चार दिवसांनी चंपाला शाळेत सोडून ती परतली, तर पेडणेकरांच्या दाराबाहेर खापऱ्यांचा ढीग.

तिनं घरात शिरून कडी घातली, वरची खिटीही लावली. चादरीतला फोटो मांडीवर घेऊन ती जमिनीवर बसली. कुणी कान भरले असतील? आता अंबादासला काय सांगायचं? कर्ज डोक्यावर, परत त्या टेकडीवर कुठल्या तोंडानं जायचं? आणि चंपा पुन्हा विचारणार, माठ का फोडला.

दार वाजलं. ती हलली नाही. पुन्हा वाजलं, अगदी हळू. तिनं फोटो खाली ठेवला आणि फटीएवढं दार उघडलं. बाहेर जयवंत उभे होते, हातात रिकामा तांब्या, कपाळावर घाम. ते बाईंशी पहिल्यांदाच बोलत होते आणि बोलायला शब्द सापडत नव्हते.

"आमचा... माठ फुटला. नलिनी बाजारात गेलीय. उन्हातून येईल आणि आल्या आल्या पाणी मागेल. नळाचं तापलेलं असतं. तर तुमच्या माठातलं तांब्याभर..."

"आमच्या माठातलं?"

"हो. गार असेल म्हणून."

सुंदरानं दार थोडं आणखी उघडलं. "माठ कुणी फोडला?"

"मी."

"मुद्दाम?"

जयवंत गोंधळले. "मुद्दाम कोण फोडेल हो माठ? धुवावा म्हटलं, तर सटकला हातातून. ती मारणारच आहे आता मला."

त्यावर सुंदराबाईंना हसू आलं, आणि हसता हसता त्या रडायला लागल्या. पदर तोंडात घालून भिंतीला टेकल्या. जयवंत इतके घाबरले की पळून जावं असं त्यांना वाटलं. पण तांब्या रिकामा होता आणि नलिनी यायची वेळ झाली होती. ते तसेच उभे राहिले. शेवटी बाईंनी तांब्या घेतला, भरला, आणि एक पेला वेगळा भरून त्यांच्या हातात दिला. ते तिथंच, उंबऱ्यावर, तो पिऊन मोकळे झाले. घसा खरंच कोरडा पडला होता.

भिंतीपलीकडून थोड्या वेळानं नलिनीचा आवाज आला. आधी माठाचा उद्धार, मग नवऱ्याचा. मग, "आणि हे गार पाणी कुठलं?"

"साळव्यांकडचं."

"बरं. नवा माठ आणा उद्या. आणि त्याला हात लावाल तर याद राखा!"

सुंदराबाई भिंतीला कान लावून होत्या. पेल्याचं, तांब्याचं, जाळाचं कुणी काही बोलतं का, हे ऐकत होत्या. नलिनी पुढं कोथिंबिरीच्या भावाबद्दल बोलत राहिली.

त्या संध्याकाळी भिंतीत खिळा ठोकल्याचा आवाज आला. दार उघडलं की समोर दिसेल असा फोटो लागला. जयंतीला मेणबत्त्या उंबऱ्यावरही लागल्या आणि पेडणेकरांकडं खिरीची वाटी आली.

भीती गेली, असं लिहायला बरं वाटलं असतं. पण ती गेली नाही. पुढंही कितीतरी वर्षं बाई सकाळी ग्यालरीत येऊन आधी शेजारच्या माठाकडं बघायच्या. नलिनीला वाटायचं, त्यांना तो फार आवडलाय. एकदा ती म्हणालीही, "घेऊन जा गो, एवढा डोळ्यात भरला असेल तर!" तेव्हा कुठं बाईंनी अंधेरीपासूनचं सगळं सांगितलं. रात्री जेवताना जयवंतांनी ते ऐकलं. हातातला घास ताटात ठेवून त्यांनी विचारलं, "आपला माठ आहे ना नीट?" नलिनी म्हणाली, "आहे. तुम्ही हात लावला नाही म्हणून आहे."

एकोणनव्वद सालच्या हिवाळ्यात सुंदराबाई सासू आजारी म्हणून गावी गेल्या. तिकडंच त्यांना कावीळ झाली. परत आल्या नाहीत. अंबादास चंपाला घेऊन पुन्हा नानाच्या जवळ राहायला गेला.

बाई गावी निघाल्या त्या सकाळी जयवंत बादली घेऊन ग्यालरीत आले होते. साळव्यांकडं नळाला आधी पाणी यायचं, म्हणून रोज त्यांनाच विचारावं लागे. बाई पिशवी भरत होत्या.

"पाणी आलं का हो?" जयवंतांनी खाली बघत विचारलं.

"आलंय, भाऊ. भरून घ्या लवकर. आज धार बारीक आहे."

"बरं," जयवंत म्हणाले.