ओळखीची खूण
बाबांच्या कपाटात एका जुन्या फॉर्मची कार्बन कॉपी सापडली, आणि त्या निळ्या शाईच्या वासासरशी मुलुंडच्या घरातली शहाऐंशी सालची एक दुपार समोर उभी राहिली. मे महिन्यात आम्ही चौघं सिंगापूरला निघालो होतो. भांडुपहून आलेले विमा एजंट काका प्रवास विम्याच्या दोन पॉलिसींचे कागद पसरून बसले होते. बराच घोळ घालून बाबांनी मुलांसकट सगळ्यांचा विमा उतरवणारी पॉलिसी निवडली. फॉर्मवर प्रत्येकाची ओळखीची खूण लिहायची होती, आणि आम्हा भावंडांच्या अंगावर साधा तीळसुद्धा नव्हता. "रिकामं ठेवलं तर फॉर्म परत येतो," म्हणत काकांनी धाकट्या भावाच्या नावापुढे लिहिलं, डाव्या कोपराखाली जखमेचा व्रण. आई भडकली, "अहो, नसलेलं काय लिहिता?" "पोरं आहेत वहिनी, पडतीलच ना कुठेतरी!" ते हसले, आणि माझ्याकडे बघत त्यांनी पुढची ओळ लिहिली. निघायच्या आदल्या दिवशी भाऊ जिन्यात पडला. डाव्या कोपराखाली चार टाके पडले. तो रडत होता, आणि आई मात्र माझा गळा चाचपून बघत होती. तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं. आज कॉपीवर माझ्या नावापुढे वाचलं, गळ्यावर आडवा व्रण. पन्नाशी आली, माझा गळा अजून कोरा आहे.