पहिली रांग पितरांना

मोरेश्वर गेल्याची बातमी मला वर्तमानपत्राच्या कार्यालयात फोनवर कळली. फोन आमच्याच नाटकमंडळातल्या शुभांगीचा होता. "दोन ओळी छापून आणाल ना, सर?" असं तिने विचारलं. मी दोन ओळी लिहिल्या : नाव, राहणार भुईगाव, विमा कार्यालयात नोकरी, हौशी नट व दिग्दर्शक. मजकूर अचूक होता. मात्र या माणसाचा मला सतत हेवा वाटत आला, हे त्यात बसण्यासारखं नव्हतं...

नव्वदच्या दशकात आम्हाला तालमीला जागा नव्हती. माणिकपूरचा सार्वजनिक हॉल लग्नांना आणि साड्यांच्या सेलला जायचा. त्याचं भाडं आम्हाला झेपत नसे. सार्वजनिक पैशातून कलेला जागा मिळाली पाहिजे, अशी लेखमाला मी लिहिली. मुद्दे बिनतोड होते. "जे नागरिकाला एकट्याने विकत घेता येत नाही, ते शासनाने पुरवावे," हे त्यातलं माझं आवडतं वाक्य. एका नगरसेवकाने लेख वाचल्याचं सांगितलं आणि पुढे विचारलं, "नळाला पानी नाय, आन् तुम्हाला नाटक पायजे?" टँकरचे दिवस होते. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते फार लांब होतं.

मोरेश्वरने एक ओळही लिहिली नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तो त्याच नगरसेवकाकडे गेला आणि म्हणाला, "पितृपक्षात लग्नं नसतात. हॉलला कुलूप लावून ठेवता, त्यापेक्षा आम्हाला द्या." हॉल मिळाला, दिव्यांसकट. मी चिडलो. "उरलंसुरलं मागितलंस," मी म्हटलं. "पत्रकार, आधी आत तर शिरू दे," तो म्हणाला. "हक्काचं खुर्चीत बसून बोलू." त्या वर्षापासून आमचा नाट्यपंधरवडा पितृपक्षात होऊ लागला. शुभ काम नको म्हणणारे नातेवाईकही नाटकाला यायचे. पडद्याआधी मोरेश्वर घोषणा करायचा, "पहिली रांग पितरांसाठी राखीव. बाकीच्यांनी अजून घाई करू नये." लोक दरवर्षी त्याच विनोदाला हसत. तो विनोद मला सुचला नव्हता.

या हिशेबात एक चूक होती आणि ती आमच्या गावांतच होऊ शकते. पितृपक्ष हिंदूंचा, आणि इथे निम्मी वस्ती ख्रिस्ती. एका वर्षी भुईगावचे इनासभाऊ त्याच पंधरवड्यात मुलीच्या लग्नाला हॉल मागायला आले, पूर्ण भाडं देऊन. नगरपरिषदेत सभा बोलावली गेली. "भाडं देणारा आलाय, फुकटवाल्यांना काढा," असं कोणीतरी म्हणालं. आता खरा प्रश्न पुढे आला होता : कुलूप असताना मिळालेली जागा गिऱ्हाईक आल्यावर टिकणार की नाही? नाही टिकली तर मंडळही टिकणार नव्हतं. मी टिपणं घेऊन गेलो होतो. मोरेश्वर माझ्याआधी उठला.

"लग्नाला हा हॉल नाही तर दुसरा मिळतो," तो म्हणाला. "नाटक शिकणाऱ्या पोरांना दुसरा कोण देणार? रस्ता कोणी एकट्याने विकत घेतला का? पाण्याची लाइन? जे एकट्याला विकत घेता येत नाही, ते आपण मिळून घ्यायचं. नाटक त्यातलंच."

वाक्य माझं होतं. छापून आलं तेव्हा कोणी मान वर केली नव्हती. आता टाळ्या पडल्या.

"ते खरं रे मोरू," इनासभाऊ म्हणाले, "पन माझ्या पोरीचं लगीन?"

"तुमच्या वाडीत मांडव घालू, इनासभाऊ. आमचे दिवे न्या, राजवाड्याचा पडदा न्या. जावई घाबरून नीट वागेल."

इनासभाऊ हसले आणि लग्न वाडीत, राजवाड्यासमोर लागलं. पुढच्या सभेत आठवड्यातली एक संध्याकाळ वर्षभरासाठी तालमींना मिळाली आणि शिकवणाऱ्याचं मानधन द्यायचं नगरपरिषदेने मान्य केलं. बाहेर पडताना मी त्याला म्हटलं, "वाक्य ओळखीचं वाटलं." "तुझंच ना," तो मोकळेपणाने म्हणाला. "चांगलं होतं. नुसतं शेवटी अडकत होतं."

तो श्रावणात गेला. गेल्या आठवड्यात पंधरवडा सुरू झाला, तेव्हा हॉलच्या दाराशी शुभांगीने एक फळा लावला होता. त्यावर ते वाक्य, मोरेश्वर सभेत बोलला होता तसं, आणि खाली त्याचं नाव. "बरोबर लिहिलंय ना, सर? तुम्ही तेव्हा होतात," तिने विचारलं. मी सवयीने शब्द न् शब्द तपासला. माझ्या वाक्यात लोकांनी मागायचं होतं आणि कोणीतरी द्यायचं होतं. त्याच्या वाक्यात घेणारे आणि देणारे आपणच होतो. सगळा मुद्दा तिथे होता. इतकी वर्षं तो मांडूनही मला तो तसा दिसला नव्हता...

"बरोबर आहे," मी म्हणालो.

पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर 'राखीव' अशी चिठ्ठी होती. पडद्याआधी शुभांगीने मोरेश्वरचीच घोषणा केली. कोणी हसलं, कोणी हसता हसता थांबलं. ती खुर्ची हॉलमधली सगळ्यात चांगली आहे, तिथून रंगमंच पूर्ण दिसतो. मला तिच्या मागची दिली होती.