सहलीची शिदोरी

आमच्या चांगुणावहिनीइतकं भोळं माणूस राहाता तालुक्यात दुसरं दाखवा, मी मिशी उतरवतो. राखीव जागेवर ती सरपंच झाली. आमच्या बौद्धवस्तीला नळ आणायचा, एवढंच तिचं राजकारण. ठराव झाला, पाइप येऊन पडले. उपसरपंच राधाकृष्णला मात्र ती लाइन आपल्या मळ्याकडं वळवायची होती. वहिनी हटेना.

नव्व्याण्णवचा एप्रिल. दिल्लीतलं सरकार एका मतानं पडल्याचं रेडिओवर ऐकून वहिनी हळहळली, "अगं बाई, आता देश कोनी चालवायचा?"

तेवढ्यात रतनबाई दारात. वहिनीची शाळेपासूनची मैत्रीण, मराठ्यांच्या घरातली, आता पंचायतीत मेंबर.

"सगळे मेंबर भंडारदऱ्याला सहलीला चाललेत, चांगुणे. भाकऱ्या तेवढ्या तुझ्या हातच्या दे."

वहिनीच्या डोळ्यांत पाणीच आलं. गावातल्या बड्या घरांनी आमच्या चुलीवरचं कधी तोंडाला लावलं नव्हतं. रतनबाई गेल्यावर मी म्हणालो, "वहिनी, अविश्वास आणायच्या आधी मेंबरांना असंच फिरवत ठेवतात. कोनी फुटू नये म्हणून."

"भाऊजी, तुमच्या जिभेला काही हाड! माझी भाकरी खाऊन कोनी माझ्यावर उलटंल व्हय?"

सकाळभर ती भाकऱ्या थापत बसली. वर ठेचा, जवसाची चटणी. धुतलेल्या फडक्यात बांधून स्वतः जीपमध्ये ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी अविश्वासाच्या सभेची तहसीलची नोटीस आली. तरी बाईचं एकच, रतन हाय की.

सभेच्या दिवशी जीप थेट पंचायतीपुढं थांबली. तहसीलदारांनी विचारलं आणि हात वर झाले. रतनबाईचाही. माझं डोकंच फिरलं. असल्यांनी ती शिदोरी घाटात फेकून दिली असणार, असं मला वाटलं.

बाहेर वहिनीनं रतनबाईला गाठलं. "भाकरी खाल्ली का गं?"

"खाल्ली की. लई गोड हुती. सगळ्यांनी मागून मागून खाल्ली."

वहिनी म्हणाली, "फेकली असती तर बरं झालं असतं, रतन. शिवत न्हाईत म्हनून उलटले, असं तरी म्हनले असते."

पाइपलाइन मळ्याकडं गेली. दिल्लीत पुन्हा निवडणुका लागल्या, एकजुटीची भाषणं करत जीपा वस्तीत आल्या. वहिनी विहिरीवरून हंडा घेऊन येत होती. जीपमधल्या कुणीतरी प्यायला पाणी मागितलं. तिनं दिलं, पण तोंडाकडं बघितलं नाही.