अण्णाने जे लिहिलं नाही

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याच्या घरी डबे पुसत होते. भाचा संजू सांगलीहून म्हणाला, "आत्या, बाबा गेले. सकाळी चहा प्यायले आणि..." मी "बरं" म्हणाले, उरलेले दोन डबे पुसले आणि मग खाली बसले. रडू आलं नाही. त्याला आता महिना होऊन गेला. या महिन्यात माझ्या भावाबद्दल जे छापून आलं ते तुम्ही तिकडे फोनवर वाचलंच असेल, नातवंडांनो. निर्भीड, निःस्पृह, औषध कंपन्यांचा कर्दनकाळ. त्यात खोटं काही नाही. पण अण्णा तेवढाच नव्हता, आणि उरलेलं सांगायला आता मी एकटीच आहे.

सांगलीच्या त्याच्या दवाखान्यात कंपनीचा प्रतिनिधी बॅग उघडायला लागला की अण्णा म्हणायचा, "पेन ने, डायरी ने, औषधही ने. जाताना दार तेवढं लाव." वर्तमानपत्राच्या याच पुरवणीतल्या सदरात तो दर पंधरवड्याला कुणाला तरी सोलून काढायचा. एका गोळीत तीन औषधं कोंबणारे कारखाने, त्यांना डोळे मिटून परवाना देणारी कार्यालयं, साध्या सर्दीला अँटिबायोटिक लिहिणारे त्याचेच मित्र... कुणी सुटायचं नाही. गरिबाला औषध स्वस्तात मिळालं पाहिजे, हे त्याचं एकच म्हणणं. त्यासाठी तो कुणाशीही भांडायचा आणि कुणाचंही ऐकायचा नाही.

तुमचे आजोबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. डोक्याला मार लागल्यापासून त्यांना फिट यायची, पण एका गोळीवर बारा वर्षांत एकही आली नव्हती. एका भाऊबीजेला अण्णा आला, ते पाकीट उलटंपालटं करून म्हणाला, "दाजी, तुम्ही नुसत्या नावाचे पैसे भरताय. हेच औषध दुसऱ्या कंपनीचं पाव किमतीत मिळतं." आजोबा हसले. "तुमी म्हनाल तसं, डाक्टर. आमी हुकमाची मान्सं." मी म्हणाले, "अण्णा, चालतंय ते बदलायचं कशाला?" "तुला इंग्रजी येतं म्हणून वैद्यक येत नाही," असं म्हणून त्याने चिठ्ठी लिहिली.

दुसऱ्याच महिन्यात आजोबांना जिन्यात फिट आली. 'पाय घसरला' एवढंच आम्ही तुम्हाला सांगितलं होतं. खुब्याचं हाड मोडलं, ते अंथरुणाला खिळले आणि वर्षभरात गेले. अण्णा त्याच दिवशी धावत आला होता. रक्त तपासलं तर औषध नावापुरतंच. "गोळीतच काही नाही," तो म्हणाला. "पाकीट आण, आजच तक्रार करतो." पाकीट नव्हतं. माझी सवय तुम्हाला माहीत आहे. महिन्याच्या गोळ्या आल्या की मी त्या सोडवून, नावाची चिठ्ठी लावलेल्या बाटल्यांत भरायची आणि रिकामी पाकिटं कचऱ्यात टाकायची. बिल दुकानदाराने दिलं नव्हतं, मी मागितलं नव्हतं. तो हात वर करून मोकळा झाला. "आवं काकू, आमच्याच दुकानातली कशावरनं? गोळीवर काय आमचं नाव हाय?" औषध निरीक्षकांच्या कार्यालयातही तेच. बॅच नंबर आणा, मग बोलू. तोच माल आणखी कुणाकुणाच्या पोटात जात होता, हे कळायला मार्गच उरला नाही.

पुढच्या सदरात अण्णाने ते सगळं लिहिलं. माल कुठल्या खेपेचा ते सांगणारा हा नंबर पाकिटाच्या एकाच टोकाला छापतात, दुकानदार कात्रीने पट्टी कापून देतो, मग कुणाकडे टोक जातं, कुणाकडे नाही. नमुना तपासून अहवाल येईपर्यंत माल खपून गेलेला असतो. स्वस्त औषधांची घोषणा करणारं सरकार ती तपासायला माणसं मात्र नेमत नाही. शब्द न् शब्द खरा होता. आणि शेवटी, 'एका सुशिक्षित बाईंनी टापटिपीच्या हौसेपायी पुरावाच फेकून दिला.' गोळी कुणी बदलली, ते कुठेच नव्हतं.

मी फोन केला. "एक वाक्य राहिलं, अण्णा."

"ते लिहिलं तर उद्या कंपन्या ओरडतील, बघा, स्वस्त औषध घेऊ नका. माझे पेशंट महागडं घेणार नाहीत, औषधच बंद करतील."

"म्हणून बहीण पुढे केलीस?"

मी फोन ठेवला. पुढची सहा वर्षं, तो जाईपर्यंत, भाऊबीजेला मी ताट काढलं नाही. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याचाच जास्त राग यायचा.

दिवसकार्य झाल्यावर संजूने मला दवाखान्याची मागची खोली उघडून दाखवली. भिंतीला लावून पोती रचलेली, आणि पोत्यांत औषधांची रिकामी पाकिटं. "गोळ्या संपल्या की पाकीट इथे आणून द्यायचं, असा गेली सहा वर्षं बाबांचा दंडक होता. कुणाला औषध लागू पडलं नाही की आधी पोत्यात त्याचा नंबर शोधायचे."

"दाजींबद्दल कुठे काही लिहून ठेवलंय?"

संजूने नकारार्थी मान हलवली. तरी मी टेबलाचे तिन्ही खण उपसून पाहिले. नव्हतं. पोती भरायला वेळ होता त्याला, एक ओळ लिहायला नव्हता. मी त्याला माफ केलेलं नाही, हे तुम्हाला स्पष्ट सांगते.

तेवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. हातात कॅरीबॅग. "डाक्टर गेलं म्हनं. लय वंगाळ झालं. आता ही पाकिटं कुनाला द्यायची वं?"

"मावशी, आता नकोत. दवाखाना बंद झाला," संजू म्हणाला.

मी पिशवी तिच्याकडून घेतली आणि एकेक पाकीट उलटून पाहिलं. एकाचं टोक कापलेलं होतं. "याचा नंबर कुठाय? टोक नसलेलं घेतलंतच कसं? कुठल्या दुकानातून आणलं?"

"आगं बया!" ती दचकून मागे सरली. "तुमीबी डाक्टरावानीच वरडता की!"

तिला मी बाकावर बसवलं, अण्णाच्या खुर्चीत बसून चष्मा लावला आणि म्हणाले, "सांगा दुकानाचं नाव."