संकष्टीला मी अंडं खाल्लं

मैत्रिणींनो, आज संकष्टी. परवाच माझी कॅन्सरची केमो झालीय. उपाशी राहायचं नाही, भाकरी, डाळ, भाजी, दही, अंडी सगळं खायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय.

दुपारी ओतूरच्या चुलत सासूबाई भेटायला आल्या. माझ्या ताटात उकडलेली अंडी बघून म्हणाल्या, "आगं, आजच्या दिवशी? या दुखण्यात तरी उपास धर. देव कसा पावंल?"

"काकी, देव पावेपर्यंत मला जगायला लागंल ना!" म्हणत मी त्यांच्यासमोरच एक खाल्लं.

जन्मात अंड्याला हात न लावलेल्या माझ्या सासूबाई उठल्या. दुसरं अंडं त्यांनी स्वतः सोलून माझ्या हातात दिलं. "तिचा उपास मी धरलाय. तिनं नुसतं खायचं."

सांगा, काय चुकलं? पुढच्या संकष्टीलाही मी अंडं खाणार. ज्यांना ते बघवत नाही, त्यांनी खुशाल चंद्र बघत बसावं.